उजव्या पानावरचा ठिपका

ताराक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नातीच्या गणिताच्या पुस्तकाला कव्हर घालत बसले होते. लातूरहून तिच्या शेजारणीचा फोन होता. "बाई सकाळी गेल्या, झोपेतच..." एवढं बोलून ती रडायला लागली आणि मीच तिची समजूत काढत राहिले. फोन ठेवल्यावर काय करावं ते सुचेना. हात आपोआप समोरच्या पुस्तकाकडं गेला, डोळे मिटले, पुस्तक मधूनच उघडलं आणि बोट टेकवलं. बोटाखाली छापलं होतं, 'उत्तरे शेवटच्या पानावर पाहा.' मला मोठ्यांदा हसू फुटलं! सून स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मला धक्का बसला. तिला काय सांगणार, की ही खोड ताराक्काची, आणि मी गेल्याची बातमी तिला कळली असती तर तिनंही आधी हेच केलं असतं. मग रडू आलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही.

आज पाच आठवडे झाले. लातुरात तिच्या शोकसभेत तिच्या विद्यार्थिनी भरभरून बोलल्या. मुख्याध्यापिका म्हणून तिचा दरारा, तिची शिस्त, तिची उर्दू, तिच्या कडक इस्त्रीच्या साड्या... सगळं खरं. पण त्या सगळ्याच्या आधीची ताराक्का मला ठाऊक आहे, ती नांदेडची. आणि गेल्या महिन्यात मला अशी एक गोष्ट कळली आहे की ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हा लेख.

ताराक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिचे वडील म्हणजे माझे थोरले काका. सगळं नांदेड त्यांना दादा म्हणायचं, म्हणून घरातही ते दादाच. निजामाचं राज्य जायला तेव्हा अजून काही वर्षं होती. कोर्टाचं कामकाज उर्दूत चालायचं आणि दादांची उर्दू अशी की समोरचा वकील हरला तरी खूश होऊन जायचा. ताराक्काची आई ती लहान असतानाच वारली. तिला वाढवलं ते सोनाआत्यानं. आत्या दादांची थोरली बहीण, कमी वयात विधवा होऊन माहेरी आलेली. लिहिता-वाचता तिला येत नव्हतं, पण घर तिच्या शब्दावर चालायचं. आम्ही लातूरला राहायचो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की वडील मला मोटारीत बसवून नांदेडला आणून सोडायचे आणि माझा आनंद गगनात मावायचा नाही, कारण त्या घरात पुस्तक होतं.

पुस्तक म्हणजे ते एकच. दादा ज्यांच्या हाताखाली वकिली शिकले ते एक वृद्ध मुसलमान वकील होते. कुठल्याही मोठ्या मुकदम्याआधी ते कवितांचं एक जुनं पुस्तक डोळे मिटून उघडत आणि समोर येईल त्या ओळीवरून काय होणार ते सांगत. याला ते फाल काढणं म्हणायचे. ते वारले तेव्हा त्यांच्या मुलानं दादांना सांगितलं, "अब्बाची आठवण म्हणून कपाटातलं कुठलंही एक पुस्तक न्या." दादांचे डोळे भरून आले होते. हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं एक पुस्तक दिसलं, तेच फालाचं असणार म्हणून त्यांनी ते उराशी धरून घरी आणलं. घरी येऊन फडकं सोडलं तर आत सालोत्र्याचं पुस्तक! घोड्यांचे आजार, नाल कशी ठोकावी, पोट फुगलं तर काय पाजावं, असलं सगळं. परत जाऊन बदलून मागणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. दादा डोक्याला हात लावून बसले. तेव्हा आत्या म्हणाली, "आलंय ना घरात? मग तेच आपलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरचं हाय, खोटं बोलायचं न्हाई." झालं. त्या दिवसापासून आमच्या घराण्याचं नशीब घोड्यांच्या डॉक्टरकीच्या हाती गेलं.

कौल घ्यायची रीत आत्याची. तिच्या आईकडं मराठी पोथी होती, तिची रीत तिनं जशीच्या तशी या उर्दू पुस्तकाला लावली. सकाळी आंघोळ करून पुस्तक पाटावर ठेवायचं. आत्या डोळे मिटून पानांत मोरपीस खुपसायची आणि तिथं उघडायची. डाव्या पानावरची पाचवी ओळ धरून दादा वाचायचे, आत्या अर्थ लावायची आणि कौल ठरला की अनामिकेनं त्या पानावर अष्टगंधाचा ठिपका लावायची. आम्ही पोरी उंबऱ्याच्या अलीकडं. जवळ यायचं नाही, हसायचं तर अजिबात नाही. हसू दाबून दाबून माझं पोट दुखायचं आणि ताराक्का तोंड इतकं गंभीर करायची की मला आणखी हसू यायचं.

आणि कौल तरी कसले एकेक! माझ्या वडिलांना माझी आई सांगून आली तेव्हा पुस्तक म्हणालं, जनावर चारा खात नसेल तर जिभेला मीठ चोळावं. आत्यानं लगेच ओळखलं की मुलीच्या हाताला मिठाचा अंदाज नाही. मुलगी बघायला गेल्यावर तिनं मुद्दाम वरण करायला लावलं, ते खरंच अळणी निघालं आणि आत्या इतकी खूश झाली की पुस्तक खरं ठरल्याच्या आनंदात तिनं लग्नच ठरवून टाकलं. एका वर्षी माहूरला जावं की नाही यावर घरात वाद चालला होता. पुस्तक म्हणालं, चढावर लगाम सैल सोडावा. त्याच दुपारी बैलगाडी जुंपायला सांगितलं. दादांकडं अर्धापूरचा एक केळीवाला बागाईतदार भावाविरुद्धची फिर्याद घेऊन आला होता, तर पुस्तकानं सांगितलं की नाल ठोकताना मागच्या पायांपासून दूर उभं राहावं. दादांनी फिर्याद घेतली नाही, दोघा भावांना एका चटईवर बसवून समेट करून दिला आणि महिनाभर आम्ही केळीच केळी खाल्ली.

मी दहा वर्षांची होते तो उन्हाळा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ताराक्काच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. तिच्या बाईंनी हैदराबादेतल्या मुलींच्या एका शाळेला लिहिलं होतं आणि तिथून पत्र आलं होतं. बोर्डिंगात एक जागा आहे, आठवड्याच्या आत कळवा, नाहीतर ती दुसऱ्या मुलीला देऊ. ताराक्कानं ते पत्र मला इतक्या वेळा वाचून दाखवलं की मला ते पाठ झालं. तिला शिकायचं होतं, बस्स. दुसरं काही तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. इकडं आत्यानं एक स्थळ बघून ठेवलेलं. मुलगा तहसिलीत नोकरीला, घर गावातच, दोन गल्ल्या सोडून. "इतक्या लांब जाऊन काय करून राहणार तू? ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवील?" असं म्हणताना आत्याचा आवाज फुटायचा. ती वाईट नव्हती हो... तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं ताराक्काशिवाय काहीच नव्हतं. दादा दोघींच्या मधे सापडले होते. सहा दिवस ते दोघींचं ऐकून घेत राहिले. सातव्या दिवशी सकाळी म्हणाले, "पुस्तकाला विचारू." ताराक्काचा चेहरा एकदम पांढरा पडला.

ती सकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. पाटावर हिरवं फडकं, त्यावर पुस्तक. एका बाजूला दादा, एका बाजूला आत्या, मी उंबऱ्यात. ताराक्का मात्र त्या दिवशी उंबरा ओलांडून आत जाऊन बसली होती आणि तिला कोणी उठवलं नाही. आत्यानं डोळे मिटले, मोरपीस खुपसलं, पुस्तक उघडलं. दादांनी डाव्या पानावर ओळी मोजल्या आणि थांबले. "वाच की," आत्या म्हणाली. दादांनी हळू आवाजात वाचलं आणि मराठीत सांगितलं. जनावराला तबेल्यात बांधून ठेवावं, बाहेर काढू नये, वारा लागू देऊ नये.

आत्यानं डोळे पुसले. "बघ पोरी. मी म्हणून न्हाई राहिले, पुस्तक म्हणतंय." तिनं गंधाच्या वाटीत बोट बुडवलं. मला रडू फुटलं. तेवढ्यात ताराक्का ताडकन उभी राहिली, पदर खोचला आणि कोर्टात हरकत घेतात तसं म्हणाली, "वकीलसाहेब, माझा एक उज्र आहे!"

दादांनी वर पाहिलं. मुलीनं आपल्याला वकीलसाहेब म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असणार. "बोला," ते म्हणाले.

"आत्याची रीत मराठी पोथीची. मराठीत डावं पान आधी येतं, म्हणून कौल डाव्या पानाचा. पण हे पुस्तक उर्दू आहे. ते उजवीकडून सुरू होतं. यात आधी उजवं पान येतं. म्हणजे पहिलं पान तेच. आजवरचे सगळे कौल आपण चुकीच्या पानावर वाचले."

मी रडायची थांबले. आत्याचं बोट वाटीतच राहिलं. "म्हणजे... इतकी वर्षं आपण भलत्याच पानाचं ऐकून राहिलो?" ती दादांना म्हणाली. "आणि विमलच्या आईचं मीठ?" दादा म्हणजे जन्मभर उर्दू वाचलेला माणूस, पण ही गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती! रीत बहिणीची, पुस्तक उस्तादाचं, दोन्ही आदराच्या गोष्टी, मग त्यांचा एकमेकांशी मेळ बसतो का हे कोण तपासणार? त्यांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "उज्र मंजूर. उजवं पान वाचा."

ताराक्का गुडघ्यांवर बसली. पुस्तकावर इतकी वाकली की मला फक्त तिची वेणी दिसत होती. तिनं बोटानं ओळी मोजल्या, घसा साफ केला आणि वाचलं, "जवान जानवर को एक जगह बाँध कर न रखें. लंबे रास्ते पर डालें. घर का रास्ता वह ख़ुद ढूँढ लेता है."

उर्दू ऐकून समजायला आमच्या घरात कुणालाच अडचण नव्हती. तरुण जनावर एका जागी बांधून ठेवू नये. त्याला लांबच्या रस्त्याला लावावं. घरची वाट ते आपली आपण शोधून काढतं. माझ्या अंगावर काटा आला. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या!

पण आत्या कच्च्या गुरूची चेली नव्हती. "तू वाचलंस होय? तुझा काय भरवसा? तुला तर जायचंच हाय. दादा, तू वाच." ताराक्का दगडासारखी झाली. दादांनी पुस्तक ओढून जवळ घेतलं. बराच वेळ ते पानाकडं बघत राहिले... मग ओळीखाली बोट धरून, एकही शब्द इकडचा तिकडं न करता त्यांनी तेच वाचलं. जवान जानवर को एक जगह बाँध कर न रखें. दादा खोटं बोलत नाहीत हे सगळ्या नांदेडला माहीत होतं. आत्यानं पुस्तक आपल्याकडं फिरवलं, खाली वाकून पाहिलं, गंधाचं बोट टेकवलं आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "तारे, तुझी ट्रंक माळ्यावर हाय. मला काढायला जमायची न्हाई, तूच चढ." दोनच दिवसांनी मी नांदेडच्या स्टेशनवर हैदराबादच्या गाडीमागं प्लॅटफॉर्म संपेपर्यंत पळत होते आणि ताराक्का खिडकीतून ओरडत होती, "विमे, पत्र लिही!"

ती शिकली. निजामाचं राज्य गेलं त्या धामधुमीत वर्ष बुडालं, तरी शिकली. लातूरला शाळेत लागली आणि पहिलं काय केलं असेल तर आत्याला नांदेडहून आपल्याकडं नेलं. आत्याला ताप आला की कपाळावर हात ताराक्काचा असायचा. आत्या तिच्याच घरी, तिच्याच मांडीवर गेली. लग्न तिनं केलं नाही आणि त्याचं दुःखही कधी केलं नाही. दादांनंतर ते पुस्तक तिच्याकडं आलं. ते मात्र हिरव्या फडक्यात, ट्रंकेत, कडीकुलपात. फाल काढायला तिला बाकीचं सगळं छापील जग मोकळं होतं! रेल्वेचं वेळापत्रक, टेलिफोनची डिरेक्टरी, पंचांग, कुणाच्याही घरची पाककृतींची वही. नवीन आलेल्या शिक्षिकेला ती शब्दकोश उघडायला लावायची. एकीला 'मांजरपाट' हा शब्द आला, तर निवृत्त होईपर्यंत ताराक्का तिला मांजरपाटबाईच म्हणायची. माझ्या मुलाच्या बारशाला तिनं किराणा दुकानाची जाहिरात असलेलं कॅलेंडर उघडलं आणि 'माल एकदा नेल्यावर परत घेतला जाणार नाही' हे वाचून आम्ही दोघी पाळण्याशेजारी गडाबडा लोळलो. "तुझा खरंच विश्वास आहे का गं यावर?" मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "विश्वासाचं काय घेऊन बसलीस? मला उघडायला आवडतं."

तिला शेवटचं भेटले ते ती जाण्याच्या दोन महिने आधी. अंथरुणाला खिळली होती, हाताच्या काड्या झाल्या होत्या, पण डोळे तेच उंबरा ओलांडून आत गेलेल्या मुलीचे. उशीखालून तिनं हिरवं फडकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तुझ्याकडं राहू दे. मी गेल्यावर उघड. तुमच्या शेजारच्या करीम मास्तरांकडून उजवीकडचं पान वाचून घे. आणि नुसतं वाचून घेऊ नको, ठिपका कुठं लागलाय तेही बघ." मी म्हटलं, "आत्ताच उघडते की." तिनं माझ्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायची तशीच. "आत्ता न्हाई. आत्ता उघडलंस तर तू शंभर प्रश्न विचारशील आणि बोलताना मला दम लागतो." मग हसली. मीही हसले... आणि चहा करायला उठले.

तेरावं आटोपून नांदेडला परत आल्यावर मी पुस्तक घेऊन करीम मास्तरांकडं गेले. मास्तर आमच्या शेजारी राहतात, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. मी पानं उलटत गेले. आत्याचे ठिपके वाळून तांबूस झाले होते. माहूरचा ठिपका, केळीवाल्याचा, माझ्या आईच्या मिठाचा, सगळे डाव्या पानांवर. मला ओळखू येत नव्हतं कुठला कशाचा, तरी प्रत्येकावर बोट फिरवल्याशिवाय पुढं जाववेना. आणि मग एकाच पानावर, उजवीकडं, तो ठिपका. मी पुस्तक मास्तरांसमोर धरलं. म्हटलं, "पाचवी ओळ वाचा."

मास्तरांनी चष्मा वरखाली केला. "पाचवी? बाई, इस सफे पर तो चारच सतरां हैं, चारच ओळी. चित्रच मोठं आहे ना."

"मग चार वाचा."

"ये तो दाँतां का बयान है. घोड्याचं वय दातांवरून कसं ओळखायचं. पहिल्या वर्षी इतके, दुसऱ्या वर्षी इतके..."

"लांबच्या रस्त्याचं काही? घरची वाट शोधून काढतं असं?"

मास्तरांनी पान उलटून पलीकडचंही वाचलं. "अजी नहीं. दाँतांच दाँतां हैं."

मी तिथंच हसत सुटले! म्हणजे हिनं रचलं! पंधरा वर्षांच्या पोरीनं, आयुष्य पणाला लागलेलं असताना, चार ओळींच्या पानावर पाचवी ओळ मोजली आणि तिथल्या तिथं घोड्यांच्या तोंडची उर्दू रचली. आणि दादा! एकदाच ऐकलेलं वाक्य त्यांनी दातांच्या यादीवर बोट ठेवून शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. कोर्टात कधी खोटी साक्ष उभी न करणारा माणूस सख्ख्या बहिणीसमोर बसून लेकीसाठी खोटं वाचत होता. बापलेकीनं नंतर एकमेकांकडं पाहिलं तरी असेल का? त्या दिवशी उंबऱ्यातून मला पान दिसतच नव्हतं. हातात घेतलं असतं तरी मला काय वाचता येत होतं? मास्तर मला पाणी प्या म्हणत होते आणि मला हसू आवरत नव्हतं.

मग ताराक्काचं दुसरं सांगणं आठवलं. ठिपका कुठं लागलाय ते बघ. मी पुस्तक पुन्हा ओढून घेतलं. पानभर एक चित्र होतं, घोड्याच्या उघड्या जबड्याचं. वरचे दात, खालचे दात, सगळे मोठाले. लगाम नाही, पाय नाहीत, रस्ता तर नाहीच नाही. आणि बरोबर समोरच्या दातांवर, अगदी मधोमध, आत्याचा अष्टगंधाचा ठिपका. आत्याला अक्षर वाचता येत नव्हतं. पण घोड्याचं तोंड ओळखायला शाळेत जावं लागत नाही. पुस्तक तिनं आपल्याकडं फिरवलं होतं, वाकून पाहिलं होतं आणि मग बोट टेकवलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ज्या आत्याला ताराक्काशिवाय जगात कोणी नव्हतं, त्या आत्यानं...

आता ते पुस्तक माझ्या टेबलावर असतं, फडक्याशिवाय, त्याच पानावर उघडं. परवा नात शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि त्या जबड्याकडं बघत राहिली. "आजी, यावर काय लिहिलंय गं?" मला उर्दूचं एक अक्षर येत नाही. मी चष्मा लावला, बोट उजवीकडून ठेवलं आणि घडाघडा वाचून दाखवलं, "जवान जानवर को एक जगह बाँध कर न रखें..."